पत्र्याखालचा उन्हाळा गोधडीवर: विद्यार्थ्यांसाठी मोजणीपासून मागणीपर्यंत

बातम्यांत पुण्याचं कमाल तापमान म्हणून जो आकडा येतो, तो बहुतेकदा शिवाजीनगरच्या वेधशाळेतला असतो. तिथला तापमापक जाळीदार झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, सावलीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर असतो. शहराशहरांची आणि वर्षावर्षांची तुलना करायला हीच पद्धत योग्य. मैदानी भागात उष्णतेची लाट जाहीर करताना हवामान खातं असंच तापमान पाहतं: किमान ४० अंश आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंश जास्त. पण पर्वतीच्या उतारावरच्या जनता वसाहतीत किंवा ताडीवाला रोडच्या गल्लीत पत्र्याच्या दहा बाय दहाच्या खोलीत दुपारी तीन वाजता किती तापमान असतं, हे या आकड्यात कुठेच येत नाही. १९२८ साली सिमल्याहून हवामान खात्याचं मुख्यालय ज्या शहरात आलं आणि ज्या शहरात अजून ‘सिमला ऑफिस’ हा बसथांबा आहे, त्या शहरात ही मोजणी शाळा-कॉलेजच्या मुलांनी करणं अगदी साजेसं आहे.

हा उपक्रम आठ ते दहा विद्यार्थ्यांचा गट एका उन्हाळ्यात पूर्ण करू शकतो. घरातलं तापमान मोजायचं, ते आकडे वस्तीतल्या बायकांबरोबर गोधडीवर शिवायचे आणि ती गोधडी घेऊन एकच नेमकी मागणी क्षेत्रीय कार्यालयात न्यायची. गोधडीच का, याचं कारण साधं आहे. संगणकावरचा आलेख वस्तीच्या सभेत दोन मिनिटं दिसतो आणि मुलांच्या पिशवीतून परत जातो. ज्या बाईच्या घरातलं तापमान आहे तिला स्वतःला ते वाचता आलं पाहिजे, साहेबासमोर बोट ठेवून सांगता आलं पाहिजे. हे होत नसेल तर मोजणी कितीही अचूक असली तरी ती मुलांच्या प्रकल्पवहीतच राहते.

वेळापत्रक आणि घरांची निवड

मार्चचा शेवटचा आठवडा ते मेचा दुसरा आठवडा ही खरी वेळ. त्यानंतर वळवाच्या सरी येतात, एका दुपारीत तापमान सात-आठ अंशांनी उतरू शकतं आणि दिवसांची तुलना बिघडते. यंत्रं फेब्रुवारीत जोडून तपासून ठेवा. परीक्षांच्या आधी हे झालं नाही तर एप्रिल हातचा जातो.

मोजणी नऊ ठिकाणी करायची: पत्र्याची सहा घरं, स्लॅबची दोन घरं आणि वस्तीतलीच एक बाहेरची सावलीची जागा. स्लॅबची घरं त्याच गल्लीत किंवा लगत असू द्या. पत्र्याचं घर वस्तीत आणि स्लॅबचं घर कोथरूडच्या सोसायटीत घेतलंत, तर फरक छताचा की झाडांचा हे सांगता येणार नाही. पत्र्याची सहाही घरं एकाच प्रकारची नकोत. पोटमाळ्याचं एक, शिवणकाम किंवा पापड लाटण्यासारखं काम दिवसभर चालतं असं एक, तान्हं बाळ किंवा अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे असं एक, हे तरी घ्याच. दुपारी घरात कोण असतं, हा या मोजणीचा गाभा आहे.

वस्तीत थेट यंत्रं घेऊन जाऊ नका. आधी आशाताई, अंगणवाडीताई किंवा बचत गटाच्या अध्यक्षांशी बोला आणि त्यांच्याबरोबर घरोघरी जा. प्रत्येक घराशी मराठीत, गरज असेल तिथे हिंदीत किंवा कन्नडमध्ये, एका पानाचा करार करा. त्यात चार गोष्टी हव्यात: यंत्र काय नोंदवतं (फक्त तापमान आणि आर्द्रता, आवाज नाही, फोटो नाही), किती दिवस राहणार, वीज किती लागेल आणि कधीही ‘घेऊन जा’ म्हणायचा हक्क. शेवटचा मुद्दा तोंडीही सांगा.

इथे एक चूक फार महागात पडते. मुलं उत्साहाने मोबाइलवरून प्रत्येक घराचं अचूक ठिकाण नकाशावर टाकतात. वस्ती अघोषित (सरकारने झोपडपट्टी म्हणून जाहीर न केलेली) असेल, जागेचा वाद चालू असेल किंवा कुटुंब भाड्याने राहत असेल, तर हाच नकाशा त्यांच्या विरोधात वापरला जाऊ शकतो. घराला क्रमांक द्या, गल्लीचं नाव पुरे. क्रमांक आणि नाव यांची यादी एकाच वहीत ठेवा आणि ती वही वस्तीतल्या एका विश्वासाच्या बाईकडे असू द्या.

नोंदयंत्र

पैसे कमी असतील तर बाजारात मिळणारं डिजिटल तापमान-आर्द्रता घड्याळ प्रत्येक घरात ठेवून सकाळी ६, दुपारी १२, ३, संध्याकाळी ६ आणि रात्री १० अशा पाच नोंदी घरातल्याच मुलामुलींकडून वहीत लिहून घेता येतात. त्यावर दर ओळीत पाचच चौकोनांची गोधडी होते, तीही चालते. पण स्वतः नोंद ठेवणारं यंत्र केलंत तर रात्र आणि पहाटही हाती येते. एका यंत्राला लागणारे भाग बुधवार पेठेत तपकीर गल्लीत आणि आजूबाजूला मिळतात:

आर्डुइनो नॅनो (आपला प्रोग्रॅम चालवणारी छोटी सर्किटपट्टी) १. डीएचटी २२ (तापमान आणि आर्द्रता मोजणारा) संवेदक १. डीएस ३२३१ घड्याळ मोड्यूल १. मायक्रो एसडी कार्ड मोड्यूल आणि ३२ जीबी किंवा त्याहून लहान कार्ड. पाच व्होल्टचा जुना मोबाइल चार्जर आणि केबल. एक मीटर तीनपदरी वायर. झाकणाचा प्लास्टिकचा डबा.

साधारण बाराशे ते पंधराशे रुपये धरा. नऊ ठिकाणांसाठी अकरा यंत्रं करा, कारण दोन तरी मध्येच बंद पडतात. पैसे वाचवायला डीएचटी ११ घेऊ नका. त्याची चूक दोन अंशांपर्यंत जाते, डीएचटी २२ ची साधारण अर्ध्या अंशात राहते. तुम्हाला पकडायचा फरकच तीन-चार अंशांचा असेल, तर दोन अंशांची चूक परवडत नाही.

जोडणीत नेहमी अडणाऱ्या गोष्टी सांगतो. चार पायांचा सुटा डीएचटी २२ घेतला असेल तर डेटा आणि पाच व्होल्ट यांच्यामध्ये १० किलोओहमचा रोधक लावावा लागतो. तीन पायांच्या पट्टीवर तो आधीच असतो. संवेदक डब्याच्या आत ठेवू नका. आर्डुइनो आणि चार्जर स्वतः तापतात आणि नोंद फुगते. वायरीने तो डब्यापासून किमान तीस सेंटिमीटर दूर लोंबता ठेवा. स्वस्त निळ्या घड्याळ मोड्यूलवर बॅटरी चार्ज करणारं सर्किट असतं. त्यात साधी सीआर २०३२ बॅटरी घातली तर ती चार्ज व्हायला बनलेलीच नसल्यामुळे फुगू किंवा फुटू शकते. त्या सर्किटमधला २०० ओहमचा बारीक रोधक सोल्डरिंग आयर्नने तापवून काढून टाका, मग साधी बॅटरी निर्धास्त घाला. हे घरात, लहान मुलांच्या आसपास ठेवायचं यंत्र आहे, म्हणून ही पायरी गाळू नका.

पॉवर बँकवर यंत्र चालवायचा मोह होतो, पण बहुतेक पॉवर बँका इतका कमी प्रवाह पाहून ‘काही जोडलेलंच नाही’ असं समजतात आणि बंद होतात. मोबाइलचा चार्जरच बरा. वीज गेली तर यंत्र बंद पडेल आणि आली की सुरू होईल, म्हणून प्रोग्रॅम असा लिहा की नोंद जुन्या फाइलच्या शेवटी जोडली जाईल, नवी फाइल जुनीवर लिहिली जाणार नाही. प्रत्येक नोंदीनंतर फाइल बंद करा, नाहीतर वीज जाताच शेवटच्या कित्येक नोंदी हरवतात. फाइलचं नाव आठ अक्षरांच्या आत ठेवा. त्याहून मोठं नाव नेहमीच्या एसडी लायब्ररीला चालत नाही आणि कार्ड खराब आहे असं समजून मुलं दिवस घालवतात.

दर पंधरा मिनिटांनी नोंद घ्या. प्रत्येक वेळी तीन वाचनं, मध्ये किमान दोन-दोन सेकंद सोडून, आणि त्यांतलं मधलं लिहा. संवेदकाने उत्तर दिलं नाही तर रिकामी जागा सोडा, शून्य लिहू नका. एप्रिलच्या पुण्यात शून्य अंश ही नोंद सरासरीचं वाटोळं करते. नऊ यंत्रं, दहा दिवस, दिवसाला ९६ नोंदी म्हणजे ८,६४० ओळी होतात. एवढ्या नोंदी कुठल्याही साध्या तक्त्याच्या प्रोग्रॅममध्ये सहज मावतात.

जुळवणी

नवे संवेदक आपापसांत जुळत नाहीत. सगळी अकरा यंत्रं सुरू करा आणि त्यांचे संवेदक जुडी करून एका थर्माकोलच्या पेटीत चोवीस तास ठेवा. सगळ्यांची सरासरी काढा आणि प्रत्येक यंत्र त्या सरासरीपेक्षा किती वर किंवा खाली आहे ते यंत्रावरच कायमच्या शाईने लिहा. पुढे प्रत्येक नोंदीतून तेवढं वजा किंवा अधिक करायचं. एक अंशापेक्षा जास्त हटलेला संवेदक बाजूला काढा. मोजणी संपल्यावर हीच जुळवणी पुन्हा करा. मधल्या काळात एखादा संवेदक सरकला असेल तर तेव्हाच कळतं.

पाण्यात चालणारा डीएस १८ बी २० हा तापमानाचा संवेदक (पुढे धग मोजायच्या चेंडूसाठी तोच लागतो) वापरणार असाल तर ठेचलेला बर्फ आणि थोडं पाणी यांच्या मिश्रणात तो शून्य दाखवतो का ते पाहा. उकळत्या पाण्यात तपासताना मात्र लक्षात ठेवा की पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, म्हणून इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. पुस्तकातले १०० धरून दुरुस्ती केलीत तर चांगला संवेदक दोन अंशांनी बिघडवून ठेवाल.

घरात बसवणं

संवेदक खोलीच्या मध्याकडे, जमिनीपासून साधारण चार फुटांवर, दोऱ्याने लोंबता. भिंतीला चिकटवला तर भिंतीचं तापमान येतं. गॅसची शेगडी, टीव्ही, फ्रिजची मागची बाजू आणि दारातून येणारा उन्हाचा पट्टा टाळा. देवघराजवळही नको, समईच्या ज्योतीचा परिणाम नोंदीत स्पष्ट दिसतो. पंखा चालू राहू द्या. घर रोज जसं चालतं तसंच मोजायचं आहे. घरातल्यांना एक छोटी वही द्या आणि स्वयंपाक कधी केला, वीज कधी गेली, पाहुणे कधी आले एवढंच लिहायला सांगा. नंतर एखाद्या संध्याकाळी साडेसातला टोक दिसलं की ते छताचं नाही, भाकऱ्यांचं आहे, हे त्या वहीतून कळतं.

बाहेरचं यंत्र दिवसभर सावलीत राहील अशा जागी, हवा खेळती ठेवून लावा. पांढऱ्या प्लास्टिकच्या चार-पाच बशा मध्ये बोटभर अंतर सोडून एकावर एक पालथ्या बसवल्या की वेधशाळेच्या पेटीसारखं कवच तयार होतं.

हवेचं तापमान ही अर्धी गोष्ट झाली. पत्रा वरून उष्णता फेकत असतो आणि ती अंगाला थेट लागते, हवा तेवढी तापलेली नसली तरी. हे मोजायला ४० मिलिमीटरचा टेबल टेनिसचा चेंडू बिनचकाकीच्या काळ्या रंगाने रंगवा, त्याला भोक पाडून डीएस १८ बी २० चं टोक बरोबर मध्यावर येईल असं घाला आणि भोक एम-सीलने बंद करा. चेंडू टांगल्यावर वीस मिनिटं थांबा, मग वाचा. चेंडूचं तापमान आणि शेजारच्या हवेचं तापमान यांतला फरक म्हणजे छताची धग. दोन-तीन घरांत एवढं केलं तरी पुरतं.

लांबून तापमान दाखवणारी इन्फ्रारेड ‘गन’ पत्र्यावर सरळ रोखू नका. चकचकीत जस्ताचा पत्रा त्या यंत्राला फसवतो आणि साठ अंशांचा पत्रा तीस-पस्तीस दाखवू शकतो, कारण असा पत्रा स्वतःची उष्णता फार कमी किरणांतून सोडतो आणि समोरच्या वस्तूंचे किरण परावर्तित करतो. पत्र्याच्या आतल्या बाजूला हात पोचेल अशा ठिकाणी कागदी मास्किंग टेपचा तुकडा घट्ट चिकटवा, पाच मिनिटांनी टेपवर नेम धरा. गंजलेल्या किंवा रंगवलेल्या पत्र्यावर ही अडचण कमी येते.

आकडे काय सांगतात आणि काय नाही

दहा दिवसांनी कार्डं काढा. प्रत्येक घराची आकडेवारी सर्वात आधी त्या घरात वाचून दाखवा, नंतर गटात. प्रत्येक तासाच्या चार नोंदींची सरासरी काढा, म्हणजे दिवसाला चोवीस आकडे.

एक गोष्ट जवळजवळ नक्की दिसेल आणि ती लपवू नका: मध्यरात्रीनंतर पत्र्याचं घर स्लॅबच्या घरापेक्षा गार होतं. पातळ पत्रा उष्णता साठवत नाही, सूर्य गेला की झपाट्याने निवतो. स्लॅब दिवसभर तापत राहतो आणि रात्रभर ती उष्णता सोडतो. ‘पत्र्याचं घर चोवीस तास वाईट’ असं लिहिलंत तर कार्यालयातला पहिला अभियंताच ते खोडून काढेल. तुमचा मुद्दा दुपारचा आहे: साधारण अकरा ते पाच या वेळात जे घरात असतात त्यांचा. घरकाम करणाऱ्या बाया सकाळची कामं उरकून दुपारी घरी येतात, अंगणवाडीतली मुलं घरी येतात, म्हातारी माणसं तर घरातच असतात. प्रत्येक घरात दुपारी कोण किती वेळ असतं याचीही नोंद त्या तक्त्याशेजारी मांडा.

गोधडीसाठी दोन दिवस निवडायचे. दहा दिवस बाहेरच्या कमाल तापमानाप्रमाणे क्रमाने लावा. पहिला म्हणजे सर्वात तापलेला दिवस आणि पाचवा म्हणजे मधला दिवस. फक्त पहिला दाखवला तर ‘तुम्ही मुद्दाम तोच निवडला’ असं म्हणतात, आणि त्यांचं म्हणणं बरोबर असतं.

गोधडीची मापं

चोवीस तासांचे चोवीस चौकोन, प्रत्येक तयार चौकोन तीन इंचांचा. ओळ ७२ इंच, म्हणजे सहा फूट. नऊ ठिकाणं, प्रत्येकी दोन दिवस, म्हणजे १८ ओळी. रुंदी ५४ इंच, साडेचार फूट. हे एका माणसाच्या गोधडीचं माप आहे, शिवणाऱ्या हातांना ओळखीचं. दिवस मध्यरात्रीपासून सुरू करू नका, सकाळी सहापासून करा, कारण लोकांचा दिवस तसाच सुरू होतो.

रंगांच्या बाबतीत एक अडचण पुण्यात हमखास येते. निळा-हिरवा-केशरी अशी पट्टी केली तर गोधडी बघणाऱ्याला आधी झेंडे दिसतात, तापमान नंतर. शिवाय लाल-हिरव्यातला फरक काहींना दिसतच नाही. म्हणून एकाच कुळातले, फिकटाकडून गडदाकडे जाणारे रंग घ्या आणि त्यांना साडीच्या दुकानात चालतात तीच नावं द्या:

२६ अंशांखाली दुधी
२६ ते २९ फिकट गुलाबी
२९ ते ३२ राणी
३२ ते ३५ लाल
३५ ते ३८ डाळिंबी
३८ ते ४१ वांगी
४१ आणि वर काळा

सीमेवरचा आकडा वरच्या रंगात. बरोबर ३५ म्हणजे डाळिंबी. ही पट्टी आकडे बघण्याआधी ठरवून कागदावर तारखेसह लिहून ठेवा. आकडे पाहून पट्टी ठरवली तर हवी तेवढी लाल गोधडी कुणालाही करता येते. वीज गेल्याने ज्या तासाची नोंद नाही, तिथे चौकडीच्या जुन्या शर्टचा तुकडा लावा. एखाद्या ओळीत असे तुकडे खूप आले, तर वीज किती वेळा जाते हेही गोधडी सांगते.

एकूण ४३२ चौकोन. तीन इंचांच्या तयार चौकोनासाठी साडेतीन इंचांचा तुकडा कापायचा, चारही बाजूंनी पाव इंच शिवणीत जातं. ४४ इंच पन्ह्याच्या कापडात एका पट्टीत बारा तुकडे बसतात, म्हणजे सगळे मिळून ३६ पट्ट्या, साधारण सव्वातीन मीटर. प्रत्येक रंगाचे चौकोन आधी तक्त्यावर मोजा, मग दहा टक्के वाढवून कापड घ्या. सुतीच कापड घ्या, रविवार पेठेत हवे ते रंग मिळतात. वस्तीतल्या शिंप्याकडच्या चिंध्यांतूनही बरंच जमतं, पण सुती आणि टेरिकॉट एकत्र शिवू नका, पहिल्या धुण्यात सुती आखडतं आणि गोधडीला पोटं येतात. सगळं कापड आधी धुवा. लाल आणि डाळिंबी ओलं करून पांढऱ्या रुमालावर दाबा. रुमालाला रंग लागत असेल तर रंग जाईपर्यंत पुन्हा धुवा.

अस्तर आणि आतला थर यांसाठी एक जुनं सुती नऊवारी लुगडं पुरतं. त्याचे ७६ इंचांचे चार तुकडे करा, दोन-दोन लांबीत जोडा, दोन थर झाले. जादा रुंदी कापून टाका.

चौकोन जोडताना आधी एक ओळ पूर्ण, मग ओळी एकमेकींना. शिवणीची दुमड एका ओळीत डावीकडे, पुढच्या ओळीत उजवीकडे इस्त्री करा, म्हणजे सांध्यावर गाठ जाड होत नाही. मुलांच्या हातून सगळ्यात जास्त बिघडतं ते इथे: प्रत्येक शिवणीत सूतभर (इंचाचा आठवा भाग) कापड जास्त गेलं, तर २३ शिवणींत ओळ जवळजवळ तीन इंचांनी आखडते आणि शेजारच्या ओळीचे तास जुळत नाहीत. म्हणून प्रत्येक ओळ शिवून झाली की टेपने ती साडेबाहत्तर इंच भरते का पाहा. भरत नसेल तर तेव्हाच उसवा.

थर एकावर एक घालून कडेपासून मध्याकडे धावदोरा घाला, दोन ओळींत एक इंच अंतर. हे काम ज्यांना येतं त्यांच्या हाताखाली मुलांनी शिकायचं. तिघीचौघी रोज तीन-चार तास बसल्या तर आठ-दहा दिवस लागतात, आणि या दिवसांची मजुरी आधी ठरवून रोखीने द्यायची. न्यायाच्या कामात बायकांची शिवण फुकट धरणं बसत नाही. खर्चाच्या यादीत मजुरी यंत्रांच्याही वर लिहा.

डाव्या कडेला घराचा क्रमांक आणि ‘पत्रा’ किंवा ‘स्लॅब’ असं भरतकामात. वरच्या कडेला सहा वाजता अर्धा सूर्य, बाराला पूर्ण सूर्य, रात्री चंद्र. वाचता न येणारालाही वेळ कळते. खालच्या कोपऱ्यात रंगांची पट्टी आणि वर्ष.

छत पांढरं करून पाहणं

मागणी करण्याआधी उपाय इथे चालतो का हे दाखवता आलं तर बोलण्याला वजन येतं. पहिल्या दहा दिवसांनंतर सहांपैकी दोन घरांचे पत्रे उष्णता परावर्तित करणाऱ्या पांढऱ्या रंगाने रंगवा आणि आणखी सात दिवस सगळीकडे मोजणी चालू ठेवा. कोणती दोन, ते सर्वांसमोर चिठ्ठ्या टाकून ठरवा. उरलेल्या चार घरांचा रंग मोजणीनंतर होणार, हे आधी सांगा आणि त्याचे पैसे आधीच बाजूला ठेवा.

‘रंगवण्याआधी ३९, नंतर ३६’ असा हिशेब करू नका. त्या आठवड्यात ढग आले असतील. रंगवलेलं घर आणि न रंगवलेलं शेजारचं घर यांतलं अंतर आधी किती होतं आणि नंतर किती झालं, तेच धरा. धगीचा चेंडू इथे फार उपयोगी पडतो, कारण छत पांढरं झालं की सर्वात आधी त्याचा आकडा उतरतो.

चुना स्वस्त म्हणून जस्ताच्या पत्र्यावर फासू नका. ओला चुना जस्ताला खातो, आणि वाळलेला पहिल्या पावसात वाहून जातो. पत्र्यासाठी बाहेरच्या वापराचा ॲक्रिलिक छताचा रंगच घ्या. आधी गंज तारेच्या ब्रशने काढा, धुवा, वाळू द्या, धातूचा प्रायमर लावा, मग दोन हात. डब्यावरचं ‘दोन हातांना इतके चौरस फूट’ हे सपाट पृष्ठासाठी असतं; नालीदार पत्र्याला साधारण पंधरा टक्के वाढवा. काम सकाळी दहाच्या आत संपवा, तापल्या पत्र्यावर रंग लावताच सुकतो आणि नंतर पोपडे निघतात.

सिमेंटचे जुने पत्रे असतील तर ते घासू, खरवडू, फोडू नका. त्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि त्याची धूळ फुप्फुसांत जाऊन बसते. अशा छताला हात न लावता ते घर फक्त मोजणीसाठी ठेवा. आतून थर्माकोलचं छत करायचा सल्लाही देऊ नका. शेगडी असलेल्या खोलीत ते पेटतं आणि विषारी धूर होतो. विद्यार्थ्यांनी पत्र्यावर चढायचं नाही. रंगारी चढेल, तोही खालच्या वाशांवर आडवी फळी टाकून आणि वरून जाणारी वीजवाहिनी पाहून.

मागणी

गोधडी आधी वस्तीत दाखवा, समाजमंदिरात किंवा विहारात, कपडे वाळत घालायच्या दोरीवर. घर क्रमांक चारची बाई स्वतः आपली ओळ वाचेल. मुलांनी मागे उभं राहायचं. तिथेच मागणी ठरू द्या, आणि ती एकच असू द्या. ‘उष्णतेवर उपाययोजना करावी’ या वाक्याला कोणत्याही टेबलावर काम मिळत नाही. ‘अमुक अंगणवाडीच्या पत्र्यावर परावर्तक रंगाचे दोन हात द्यावेत, क्षेत्रफळ इतकं’ किंवा ‘सार्वजनिक नळाच्या रांगेवर सावलीची शेड’ याला मिळतं.

पत्र देण्याआधी इमारत कोणाची ते शोधा. अंगणवाडी चालवते एक यंत्रणा, जागा असते दुसऱ्याची, आणि पत्र चुकीच्या कार्यालयात महिनोनमहिने पडून राहतं. महापालिकेची पंधरा क्षेत्रीय कार्यालयं आहेत; तुमची वस्ती कुठल्या कार्यालयाच्या हद्दीत येते ते पाहून तिथे दोन प्रती द्या, एका प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. तो क्रमांक नसेल तर पत्र दिलंच नाही असं समजा. पत्र एका पानाचं, सोबत दोन दिवसांचा तक्ता आणि गोधडीचा फोटो. गोधडी स्वतः घेऊन जा, पण तिथे ठेवून येऊ नका.

उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार. महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि दीडशे शब्दांत असावा लागतो, शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. ‘कारवाई का केली नाही’ असं विचारू नका, कारण कायदा कार्यालयात असलेली माहिती देतो, खुलासा देत नाही. ‘आवक क्रमांक अमुक या पत्रावरील टिप्पणीची आणि सध्याच्या स्थितीची प्रत द्यावी’ असं मागा. कार्यालय चुकलं असेल तर कलम ६(३) प्रमाणे त्यांनीच अर्ज पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो.

दुसरा रस्ता महापालिकेच्या सहभागी अंदाजपत्रकाचा. पुण्यात २००६-०७ पासून नागरिकांना प्रभागातली छोटी कामं सुचवता येतात. अर्जाची मुदत साधारण पावसाळ्यात असते आणि दरवर्षी बदलते, म्हणून जुलैपासूनच क्षेत्रीय कार्यालयात विचारत राहा. अर्जात जागा, माप आणि अंदाजे खर्च हवा. तुमच्याकडे रंगवलेल्या दोन छतांची बिलं आहेतच, त्यांच्यावरून चौरस फुटाचा दर काढा. वस्तीतली दहा-बारा घरं एकाच कामासाठी अर्ज भरतील असं बघा.

पावसाआधी यंत्रं उतरवा, घड्याळाच्या बॅटऱ्या तशाच ठेवा, डीएचटी संवेदक सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर बंद डब्यात ठेवा. ओलाव्यात राहिलेला संवेदक पुढच्या मार्चमध्ये आर्द्रता चुकीची दाखवतो. गोधडी वस्तीची, ती बचत गटाच्या पेटीत राहील आणि शाळेला हवी असेल तेव्हा वहीत नोंद करून न्यायची. घटस्थापनेआधी घरोघरी अंथरुणं-पांघरुणं धुवायला निघतात तेव्हा ही गोधडी त्यांत टाकू नका. गार पाण्यात, एकटी, न पिळता धुवा आणि सावलीत उलटी वाळवा, म्हणजे लाल आणि डाळिंबी पुढच्या उन्हाळ्यातही वेगवेगळे दिसतील.